फवारणी टाळायची तर जोखीम कोणाची? द्राक्षबागेतल्या एआय यंत्राबद्दल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. निफाड तालुक्यात चार एकर थॉमसन जातीची द्राक्षं, दोन प्लॉट, काळी जमीन, माल एक्स्पोर्टला जातो. कंपनीचा माणूस सांगून गेला की बागेत एक यंत्र बसवा, ते एआयच्या जोरावर रोग यायच्या आधीच मोबाइलवर कळवेल, फवारण्या निम्म्यावर येतील, पाणी वाचेल आणि शेती शाश्वत होईल. वडिलांचं म्हणणं, तीस वर्षं बाग जगवली ती मोबाइल बघून नाही. तुम्ही विचारताय की ही कंपनी एआयने नेमकं करते काय, आणि पैसे घालावेत की नाही.

मी वीस वर्षं याच भागात द्राक्षाचा सल्ला देतोय, आणि त्यातली शेवटची काही वर्षं अशीच यंत्रं देणाऱ्या एका कंपनीसोबत काम केलंय. यंत्र कुठे बसवायचं, त्याचे इशारे बागेतल्या प्रत्यक्षाशी जुळतात का, हे बघणं माझ्याकडे होतं. त्यामुळे आतली बाजू माहीत आहे. कोणत्याही कंपनीचं नाव घेणार नाही. पद्धत बहुतेकांची सारखीच आहे.

खरा प्रश्न मला असा दिसतो. आपल्याकडे फवारण्या जास्त होतात त्या भीतीपोटी. फळासाठीची गोडी छाटणी झाली, फुटवे निघाले, बाग फुलोऱ्याकडे चालली आणि आभाळ भरून आलं, की संध्याकाळी सगळ्या शिवारात फवारणीच्या ब्लोअरचा आवाज सुरू होतो. कोणालाही दोष देता येत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार आणि लगेच मागून महा, अशी दोन चक्रीवादळं आली, पाऊस हटेना, आणि ऐन फुलोऱ्यातल्या बागांमध्ये डाऊनी (केवडा) रोगाने घडच्या घड गेले. ज्याने ते पाहिलंय तो ढग दिसल्यावर हातावर हात धरून बसणार नाही. वर्षभराचा खर्च त्या दहा-पंधरा दिवसांत पणाला लागलेला असतो. म्हणून यंत्राची किंमत ठरवताना विचारायचं एवढंच: ज्या दिवशी तुमचे वडील भीतीने फवारणी करतात, त्या दिवशी हे यंत्र त्यांना निर्धास्तपणे थांबवू शकेल का? पाणी, बुरशीनाशकातलं तांबं, डिझेल, ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाणारं औषध, यातलं काहीही वाचायचं असेल तर ते त्या एका थांबण्यातून वाचणार आहे.

आता यंत्र काय करतं ते बघू. खांबावर तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजणारी साधनं असतात. जमिनीत दोन खोलींवर ओल मोजणारे सेन्सर असतात. आणि सगळ्यात महत्त्वाची असते पानासारखी एक पाटी, जी पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजते. डाऊनीचा सगळा खेळ त्या ओलेपणावर आहे. रात्री हवा जवळपास पूर्ण दमट असेल आणि चारेक तास अंधार मिळाला, की पानाच्या मागे पांढरी वाढ येते. तिथून सुटलेले बीजाणू पाण्याच्या थरात पोहत पानाच्या रंध्रातून आत शिरतात. वीस-पंचवीस अंश तापमानाला पानावर दोन-तीन तास पाणी टिकलं तरी त्यांचं काम होतं. मग आठवडाभर काहीच दिसत नाही, आणि एके दिवशी तेलकट डाग दिसतो. डाग दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, म्हणून ओलेपणाचे तास मोजण्याला इतकं मोल. भुरी या दुसऱ्या रोगाचं उलटं आहे. तिला पानावर पाणी नको असतं. ढगाळ, दमट, ना थंड ना गरम अशी हवा तिला मानवते. म्हणजे एकाच आठवड्यात एका रोगाची जोखीम चढत असते तेव्हा दुसऱ्याची उतरत असू शकते, आणि डोळ्यांना दोन्ही दिवस सारखेच ढगाळ दिसतात. इथे यंत्र माणसापेक्षा सरस आहे, हे मी मनापासून सांगतो.

यात एआय कुठे आलं? खरं सांगायचं तर जितकं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं तितकं नाही. हवामानावरून डाऊनी ओळखण्याचे आडाखे जुने आहेत. इटलीत १९४० च्या दशकातच नियम बांधला गेला: फुटवे १० सेंटिमीटरचे झालेत, तापमान १० अंशांच्या वर आहे आणि दिवस-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस पडलाय, तर पहिला संसर्ग होणार असं धरा. आपल्याकडे ऑक्टोबरात तापमान सहसा १० च्या खाली जात नाही, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा इथे लावला तर पावसानंतरचा प्रत्येक दिवस धोक्याचाच दिसेल. हा नियम आपल्या हवेला, आपल्या छाटणीच्या वेळापत्रकाला जुळवून घेणं, हे शिकणाऱ्या संगणकाचं पहिलं काम. शेकडो बागांतले ओलेपणाचे तास आणि तिथे रोग प्रत्यक्ष कधी दिसला याच्या नोंदी त्याला द्यायच्या, आणि कोणत्या जुळणीनंतर रोग येतो ते त्याने शोधायचं. नोंदी चांगल्या असतील तर हे छान चालतं. नोंदी कोणी केल्या, कितीजणांनी खऱ्या दिल्या, हे कंपनीला जरूर विचारा.

दुसरं काम हवामानाच्या अंदाजाचं, आणि माझ्या मते ते जास्त उपयोगाचं आहे. हवामान खात्याने मे २०२५ मध्ये भारत फोरकास्टिंग सिस्टीम सुरू केली, तिची चौकट ६ किलोमीटरची आहे. आधीच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे, पण ६ किलोमीटरच्या चौकोनात दोन-चार गावं बसतात, आणि ओढ्याकाठची बाग नि माळावरची बाग एकाच आकड्याखाली येते. तुमच्या यंत्राने वर्षभर तुमच्या जागेचं तापमान आणि आर्द्रता मोजली, की अंदाज आणि प्रत्यक्ष यांत नेहमी किती आणि कोणत्या दिशेने फरक पडतो हे संगणक शिकतो आणि पुढचा अंदाज तेवढा सुधारून देतो. निफाडला हे विशेष लागू पडतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर आल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि सगळा तालुका शेकोट्या पेटवायला लागतो. पण तुमच्या प्लॉटमध्ये त्या पहाटे किती होतं? पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या मण्यांना तडे जाणार की नाही, ड्रिप पहाटे चालू करायचं की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं. तो आकडा दुसरं कोणी देत नाही.

हे सगळं पाटी कुठे लावली आहे यावर टांगलेलं असतं. एका डिसेंबरातली गोष्ट आहे. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत सकाळी सव्वानऊला उभा होतो. मोबाइल सांगत होता की पान ७ वाजून ४० मिनिटांनी सुकलं. यंत्र शेततळ्याच्या बांधाला लावलेलं, मोकळ्यावर, सूर्य उगवला की थेट ऊन अंगावर. बसवायला आलेल्या पोराला तिथपर्यंत गाडी नेता आली म्हणून तिथे बसवलेलं. मी मांडवात हात घालून घडाजवळचं पान उलटलं, तर टोकाला थेंब लटकत होता आणि बोटाला सरळ ओल लागली. दीड तासापेक्षा जास्त फरक. डाऊनीच्या हिशोबात दीड तास म्हणजे कमी धोका आणि पूर्ण धोका यांतलं अंतर. पुढच्या वर्षभर तो संगणक कितीही हुशारीने शिकला असता तरी चुकीच्या जागेचंच शिकला असता. तशाच लहान गोष्टी पुष्कळ आहेत. ब्लोअर गेला की पाटी औषधाने ओली होते, आणि फवारणीची नोंद ॲपमध्ये केली नसेल तर यंत्र ते दव धरतं. पाऊस मोजायच्या भांड्यात कोळी जाळं करतो आणि आतली वाटी हलेनाशी होते. बाहेर धो धो पाऊस, ॲपवर शून्य. काळी जमीन तापून भेगाळली की ओल मोजणाऱ्या सेन्सरभोवती पोकळी होते आणि तो कोरडंच दाखवत राहतो. महिन्यातून एकदा यंत्राकडे बघायला येणारा माणूस कंपनीकडे आहे का, हा प्रश्न एआयबद्दलच्या दहा प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे एवढं लिहायला घेतलं ती सांगतो.

एका हंगामात आमच्या यंत्राने सलग तीन दिवस कमी धोका दाखवला. बाग फुलोऱ्याच्या सुरुवातीला होती. बागायतदाराने आमच्यावर विश्वास ठेवून फवारणी पुढे ढकलली. प्लॉटला नाल्याकडे उतार होता, यंत्र वरच्या टोकाला. खालच्या दहा-बारा ओळींत रात्री गार हवा साचायची, दव उशिरापर्यंत टिकायचं. आठवड्याने त्या ओळींत घडांवर डाऊनी दिसली. वरचा भाग स्वच्छ, खालचे घड तपकिरी होऊन वाळलेले. त्या माणसाने आवाज चढवला नाही, फक्त मला ओळीतून चालत नेलं आणि एकेक घड दाखवत गेला. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, यंत्र खाली हलवलं, एक वर्षाची फी माफ केली. नुकसान त्याचं त्यानेच सोसलं.

त्यानंतर कंपनीत जे झालं ते तुम्हाला कळायला हवं. इशाऱ्याची पातळी खाली आणली गेली, म्हणजे थोडी शंका आली तरी धोका दाखवायचा. कारण साधं आहे. धोका नसताना इशारा दिला तर शेतकरी एक जादा फवारणी करतो आणि तक्रारीचा फोन येत नाही. धोका असताना इशारा दिला नाही तर बाग जाते आणि कंपनीचं नाव जातं. दोन चुकांची किंमत इतकी विषम असली की कोणतीही कंपनी पहिल्या चुकीकडे झुकणार. ती झुकली की यंत्राचे इशारे हळूहळू वडिलांच्या भीतीइतकेच होतात, आणि फवारण्या होत्या तेवढ्याच राहतात. फक्त आता त्या ॲपवर बघून होतात. फवारण्या निम्म्यावर आणण्याचं आश्वासन मोडतं ते इथे. संगणक कमी हुशार आहे म्हणून ते मोडत नाही. न फवारण्याच्या सल्ल्याची जोखीम फक्त बागायतदाराच्या गळ्यात असते आणि सल्ला देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून मोडतं.

मग उपयोग नाही का? आहे, पण हंगामाच्या कोणत्या टप्प्यात यंत्राचं ऐकायचं ते आपण ठरवायला हवं. फुलोऱ्यापासून मणी सेट होईपर्यंत, म्हणजे फुलांचे मणी धरेपर्यंत, मी स्वतः यंत्राच्या भरवशावर डाऊनीची फवारणी टाळत नाही. त्या काळात 'धोका आहे' हे ऐकायचं, 'धोका नाही' हे ऐकून सोडून द्यायचं. मणी सेट होऊन तीन-चार आठवडे झाले की चित्र बदलतं. मणी मोठा होतो तशी त्याची रंध्रं बंद होत जातात आणि डाऊनीला मण्यात शिरायला वाट राहत नाही. पानं आणि देठ अजून नाजूक असतात, पण घड एका रात्रीत जाण्याची भीती गेलेली असते. चूक झाली तरी ती सावरता येते. इथे यंत्राचं 'आज नको' ऐकायचं. आणि योग असा की औषधांच्या अवशेषांच्या दृष्टीने हाच टप्पा सगळ्यात नाजूक असतो, त्यामुळे इथे टाळलेली एक फवारणी आधीच्या दोनांच्या बरोबरीची.

मधल्या धोक्याच्या दिवसांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. यंत्र धोका नाही, मध्यम आणि जास्त अशी विभागणी करतं. मध्यम धोक्याच्या दिवशी ट्रायकोडर्मा, बॅसिलस किंवा भुरीवरचं अँपेलोमायसिस अशी जैविकं छान काम करतात. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने त्यांचा पुरस्कार केलाय तो उगाच नाही. पण या जिवंत गोष्टी आहेत. त्यांना दमट हवा लागते, आणि बुरशीनाशकाच्या पुढेमागे मारल्या तर मरू शकतात. आधी आपण अंदाजाने मारायचो आणि गुण आला नाही म्हणून सोडून द्यायचो. आता पुढचे तीन दिवस आर्द्रता किती, पाऊस आहे का, हे बघून दिवस निवडता येतो. माझ्या अनुभवात रासायनिक फवारण्या खरोखर कमी झाल्या त्या अशा दिवसांत, जिथे 'काहीच करू नका' असं सांगावं लागलं नाही, 'आज हे मारा' असं सांगता आलं. वडिलांचा हातही रिकामा राहत नाही. तुमच्या घरात सुरुवात करायची तर मी इथूनच करेन. बोर्डोवर, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणावर मदार ठेवून आपण सेंद्रियाच्या जवळ आहोत असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तांबं जमिनीत साठत राहतं, निघून जात नाही. युरोपने म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

पाण्याचं सोपं आहे आणि तिथे यंत्र बहुतेक वेळा पैसे वसूल करतं. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टसोबत उसावर केलेल्या प्रयोगाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. उसात मोठी बचत पाणी आणि खतात असते म्हणून तिथे तो भाग पुढे आला. द्राक्षातही हिशोब तोच. हवा दिवसाला किती पाणी ओढते ते तापमान, ऊन, वारा, आर्द्रतेवरून काढायचं आणि बागेच्या अवस्थेनुसार त्याला गुणायचं. समजा तो आकडा ५ मिलिमीटर आला आणि तुमच्या अवस्थेचा गुणक ०.६ आहे, तर गरज ३ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ३ लिटर, एकराला साधारण १२ हजार लिटर. नऊ बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी ९६८ वेली, म्हणजे वेलीला साडेबारा लिटर. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर जेमतेम दीड तासाच्या वर ड्रिप चालवायचं. आता तुम्ही किती चालवता ते आठवून बघा. काळ्या जमिनीत मी दुप्पट चालवणारे पाहिले आहेत, आणि मग मुळी गुदमरते, वाफसा येत नाही, बागेत दमटपणा वाढतो आणि त्याच दमटपणावर डाऊनी पोसली जाते. पाणी कमी केलं की रोगही कमी होतो, हे दोन वेगळे विषय धरू नका. फक्त गुणक छाटणीच्या तारखेवरून आणि मांडव किती भरलाय त्यावरून बदलतो, म्हणून ॲपमध्ये छाटणीची तारीख प्लॉटनिहाय टाका. दोन प्लॉटची छाटणी पंधरा दिवसांच्या अंतराने असेल आणि नोंद एकच असेल तर दोन्हीकडे चुकीचं पाणी जाईल.

फोटोवरून रोग ओळखण्याच्या सोयीवर फार विसंबू नका. २०१६ मध्ये एक गाजलेला अभ्यास झाला होता. पिकांच्या ५४ हजारांहून अधिक फोटोंवर संगणक शिकवला आणि तशाच फोटोंवर त्याची परीक्षा घेतली तेव्हा तो ९९ टक्क्यांच्या वर बरोबर आला. तेच दुसरीकडून, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा ३१ टक्क्यांवर आला. शिकवायचे फोटो साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान ठेवून काढलेले होते, शेतातलं पान तसं कधीच नसतं. नंतर तंत्र सुधारलं आहे, पण कारण अजून तेच आहे, आणि डाऊनीचा फोटो काढण्याइतका डाग दिसला म्हणजे आपण उशिरा पोचलो हेही आहेच. मोफत मिळणारं उपग्रहाचं चित्र साधारण पाच दिवसांतून एकदा येतं, एक ठिपका १० मीटरचा, आणि ढग असले की काहीच दिसत नाही. प्लॉटचा कोणता कोपरा कमजोर आहे ते कळायला चांगलं, रोगासाठी निरुपयोगी.

एक्स्पोर्टचा माल आहे म्हणून अवशेषांचा मुद्दा. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अवशेष सापडले आणि कितीतरी कंटेनर अडकले, ते वडिलांना आठवत असेल. निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेचं ग्रेपनेट २००६ पासून आहे, त्यात प्लॉटची नोंद आणि काढणीपूर्व तपासणी होतेच. पण तपासणी शेवटी होते, चूक दोन महिने आधी झालेली असते. फवारणीची नोंद त्याच दिवशी ॲपमध्ये गेली आणि अमुक औषध आता मारलं तर काढणीपर्यंत पुरेसे दिवस उरत नाहीत असं ॲपने तिथल्या तिथे सांगितलं, तर त्याला एआय म्हणा किंवा साधी वही म्हणा, ती सोय मोलाची आहे. याला कसलीही मोठी बुद्धी लागत नाही आणि तरी मी हिला सगळ्यात वरच्या सोयींमध्ये धरतो.

आता कंपनीला विचारायचं ते. पहिलं, तुमचं उत्पन्न कशातून येतं? मोहाडीच्या सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची कंपनी असेल तर अवशेषमुक्त माल मिळण्यात तिचा स्वतःचा फायदा असतो. फक्त यंत्राची वार्षिक फी घेणारी असेल तर तिला तुम्ही पुढच्या वर्षी टिकावं एवढं हवं असतं. पण ज्या ॲपमध्ये इशाऱ्याखालीच औषध विकत घेण्याचं बटण असतं, तिथे इशारे कमी व्हावेत असं कोणाला वाटेल, हे तुम्हीच ठरवा. दुसरं, माझ्या बागेची माहिती कोणाची? छाटणीची तारीख, घडांची संख्या, गोडी कधी येणार, हे खरेदीदाराला आधी कळलं तर भाव ठरवताना त्याचं पारडं जड होतं. करारात हे स्पष्ट लिहून घ्या. तिसरं, मागच्या तीन हंगामांचं आमच्या भागाचं हवामान तुमच्या यंत्रणेत घालून दाखवा की तिने कोणत्या तारखांना इशारा दिला असता. जी कंपनी हे करायला टाळाटाळ करेल तिथे पैसे घालू नका.

आणि इथे वडिलांची गरज आहे. जुने बागायतदार डायरी ठेवतात. छाटणी कधी, पाऊस कधी, पहिला डाग कधी आणि कोणत्या ओळीत, काय मारलं. कंपनीने काढून दिलेल्या तारखा त्या डायरीशेजारी ठेवा आणि दोघं मिळून बघा. जिथे यंत्र बरोबर आलं आणि डायरीत जादा फवारण्या दिसल्या, तिथे वडील स्वतःच बोलतील. जिथे यंत्र चुकलं, तिथे का चुकलं हे कंपनीपेक्षा त्यांना लवकर कळेल, कारण बागेत गार हवा कुठे साचते हे त्यांना पायाखालून ठाऊक आहे. पाटी कुठे लावायची तेही त्यांनाच विचारा.

घ्यायचं ठरलं तर एकच यंत्र घ्या, जास्त सखल आणि दाट प्लॉटमध्ये, मांडवाच्या आत, घडांच्या उंचीला. पहिल्या हंगामात फवारणी नेहमीप्रमाणेच करा, फक्त रोज इशारा काय आला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पाण्यात मात्र पहिल्या महिन्यापासून बदल करा, तिथे धोका कमी आहे. दुसऱ्या हंगामात मध्यम धोक्याच्या दिवशी जैविकं आणि मणी मोठे झाल्यावर 'आज नको' ऐकणं, एवढंच सुरू करा. परवडत नसेल तर शेजारचे चार-पाच बागायतदार मिळून पाऊस, वारा, तापमानाचा खांब एक घ्या. ओलेपणा मोजणारी पाटी मात्र प्रत्येकाच्या बागेत हवी, ती वाटून घेता येत नाही. आणि तुमची बाग लोकल मार्केटची, फवारण्या मुळातच मोजक्या, दोन एकराच्या आत असेल, तर मी सध्या यंत्र घ्या म्हणणार नाही. आधी ड्रिपरचा डिस्चार्ज मोजा आणि पाण्याचा वरचा हिशोब वहीत करा.

तुमच्या दोन्ही प्लॉटच्या गोडी छाटणीच्या तारखा, उतार कोणत्या दिशेला, आणि एका ड्रिपरखाली डबा ठेवून तासाभरात किती पाणी जमतं, एवढं मोजून इथेच लिहा. पाटीची जागा आणि पाण्याचे तास मी काढून देतो.